मागचं इंजिन

कुळ्याहून कॅसलरॉकला येणाऱ्या मालगाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. वाटेतल्या ब्रागांझा घाटात दर ३७ फुटांना एक फूट चढ. बोगद्यांत, वळणांत पुढचा आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत. ठरलेल्या शिट्ट्या आणि वॉकीटॉकी, एवढ्यावर अख्खी गाडी वर येते. आज फलाटावरून ते बघताना आमची टीम आठवली. पुणे, बेळगाव, सिंगापूर अशी विखुरलेली. आमच्यात खुणाच ठरलेल्या नाहीत. मीटिंगमध्ये कुणी गप्प राहिलं, तर त्याला पटलंय की तो दमलाय, स्क्रीनवर कळत नाही. समोर असतो तर चेहऱ्यावरून लगेच ओळखलं असतं. इथली रेल्वेची माणसं ड्यूटी संपल्यावर एकत्र चहाला बसतात. घाटातला भरवसा तिथेच जमत असणार. पुढच्या महिन्यात सगळ्यांना बेळगावला बोलावतेच.