बंद बाटलीतली चिलटं

रवा, गूळ, अगर आणि थोडं यीस्ट. बिघडलेल्या शिऱ्यासारखं दिसणारं हे मिश्रण संशोधनाच्या काळात मी इतकं ढवळलं आहे, की गूळ विरघळल्याचा वास आला की अजूनही प्रयोगशाळाच आठवते. हे चिलटांचं जेवण. पिकल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी तीच चिलटं. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. थॉमस हंट मॉर्गन यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ती दुधाच्या बाटल्यांत वाढवली. १९१० साली त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि गुणसूत्रांचं कोडं उलगडू लागलं. मुंबईत टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी याच चिलटांना वास आणि चव कशी कळते याचा माग काढला. शाळेला परवडेल असा याहून चांगला प्राणी मला तरी ठाऊक नाही. फुकट मिळतो, चावत नाही, आणि २५ अंश तापमानाला अंड्यापासून साधारण १० दिवसांत उडायला लागतो.

आता मी शाळांमध्ये शिकवते. वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो: चिलटं येतात कुठून? बहुतेक हात वर जातात आणि उत्तर येतं, "बाई, केळ्यातूनच!" पाठ्यपुस्तकातलं 'सजीवापासूनच सजीव' हे वाक्य याच मुलांना तोंडपाठ असतं, पण ते परीक्षेचं वाक्य, स्वयंपाकघरातल्या केळ्याशी त्याचा संबंध नसतो.

मग फ्रांचेस्को रेडीचा प्रयोग करायचा. १६६८ साली या इटालियन वैद्याने मांसाची काही भांडी उघडी ठेवली आणि काहींवर तलम कापड बांधलं. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत झाल्या नाहीत. माश्यांनी अंडी घातली ती कापडावर. आम्ही मांसाऐवजी केळं घेतो आणि भांड्यांऐवजी जॅमच्या रिकाम्या बाटल्या. एक उघडी, एकीला मलमलीचा तुकडा, एकीला घट्ट झाकण.

हा प्रयोग पुस्तकाप्रमाणे क्वचितच वागतो. आठवडाभरात झाकलेल्या बाटलीतही अळ्या वळवळू लागतात, काचेवर चढून कोष करतात, आणि एका सकाळी आत चिलटं उडत असतात. मुलं विजयी चेहऱ्याने बघतात: म्हणजे केळ्यातूनच येतात की! शाळेतले शिक्षक मला हळूच सुचवतात, "मॅडम, ही बाटली काढून टाकू या. मुलांचा गोंधळ होईल."

माझ्या मते शिकवायला खरी सुरुवात इथून होते. संशोधनात अशी बाटली निघाली की बाकीची कामं बाजूला ठेवून तिच्यामागे लागायचं असतं. शाळेत ती मोरीत धुतली जाते. कारण प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार मथळे असतात आणि हुशार मुलं 'अनुमान' सगळ्यात आधी भरून ठेवतात. कांद्याच्या पापुद्र्याची आकृतीही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधीच काढलेली असते. विटांसारख्या एकसारख्या पेशी, मधोमध टपोरं केंद्रक. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. वही तपासणारा काय वाचतो, हे त्यांना चांगलं माहीत असतं.

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला होता. त्यातल्या 'बालवैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न होते, तयार उत्तरं छापलेली नव्हती. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. पुढे तो शेकडो शाळांत पोचला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. प्रश्न उरवणारं पुस्तक व्यवस्थेला फार काळ झेपत नाही, असं मला त्यावरून वाटतं.

तर ती बाटली. मुलांना मी एवढंच विचारते, बाटलीत घालण्याआधी केळं कुठे होतं? थोडा वेळ कुजबुज. मग एक मुलगी म्हणते, "हातगाडीवर. तिथेही चिलटं होती." दुसरा मलमल उजेडात धरून छिद्रं बघतो. आम्ही भिंग घेऊन देठाशी, साल फाटलेल्या जागी शोधू लागतो. अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, पांढरं, टोकाला दोन बारीक तंतू. सगळ्यांना दिसत नाही. ज्यांना दिसतं ते इतरांना दाखवायला भांडतात.

पुढची आखणी मुलांचीच. एकाच फण्यातली केळी. एक सालीसकट, एक धुऊन सोललेलं, एक उकळून कुस्करलेलं, कापड दुहेरी. एक गट सालीसकटच्या आणखी दोन बाटल्या भरून एक माठाला टेकवून ठेवतो आणि एक पत्र्याखालच्या फळीवर, कारण गारव्यात चिलटं उशिरा निघतील असा त्यांचा तर्क आहे. तो बरोबर आहे. १८ अंशांना जवळजवळ दुप्पट दिवस लागतात, पण हे मी आधी सांगत नाही.

उकळलेल्या केळ्याच्या बाटलीत चिलटं झाली नाहीत. पांढरी बुरशी मात्र भरपूर आली. आता वर्गाला हवंय ते या बुरशीचं मूळ. हा रस्ता थेट लुई पाश्चरच्या वाकड्या नळीच्या चंबूपर्यंत जातो आणि वेळापत्रकात प्रयोगाचा तास आठवड्यातून एकच आहे, म्हणून तो आम्ही दुसऱ्या सत्रात घेणार आहोत. तोवर वहीतला 'अनुमान' हा रकाना रिकामा ठेवायला मुख्याध्यापकांची परवानगी काढली आहे.