उंच सुरासाठी सैल ओठ



दशलक्षण पर्वात दुसरा दिवस उत्तम मार्दव धर्माचा. मार्दव म्हणजे मृदुपणा, ताठा सोडणे. दरवर्षी आपण हे प्रवचनात ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन कुकर लावतो. मला मात्र हा धर्म या वेळी एका फुंकून वाजवायच्या वाद्याने समजावला. म्हणून आजचा लेख त्या वाद्यावर.

आपल्याकडे क्लॅरिनेट म्हणजे बँडमधलं काळं, लांबट वाद्य. उचगावात काय किंवा कोल्हापुरात काय, लग्नाची वरात असो की पंचकल्याणकाची मिरवणूक, गाण्याची चाल क्लॅरिनेटवाल्याने धरलेली असते आणि बाकीचे त्याच्या मागे असतात. या क्लॅरिनेटचा एक थोरला भाऊ आहे, त्याचं नाव बेस क्लॅरिनेट. त्याचा आवाज एक सप्तक खालचा. नळी इतकी लांब की वरच्या आणि खालच्या टोकाला धातूचा बाक द्यावा लागतो, आणि जमिनीवर टेकवायला खाली खुंटी असते. आज दिसतं त्या धाटणीचं वाद्य बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सने १८३८ साली घडवलं. पुढे ज्याच्या नावावरून सॅक्सोफोन आला, तोच हा कारागीर.

हे सगळं मला कळायचं कारण माझी नात. लेक न्यू जर्सीला असते, आणि मागच्या वर्षी मी तिच्याकडे सहा महिने होते. तिथल्या शाळांत बँड हा विषयच असतो. नातीच्या वाट्याला बेस क्लॅरिनेट आलं. दोन वर्षं ती मागच्या रांगेत बसून मजेत खालचे सूर देत होती. मग बाईंनी एक नवी रचना बसवायला घेतली, आणि त्यात तिच्या वाद्याला एकटीने वाजवायच्या आठ ओळी होत्या. सगळ्या वरच्या पट्टीत. तीन आठवड्यांवर कार्यक्रम, आणि वरचा सूर लावायला गेलं की दाराची बिजागरी करकरावी तसा चीत्कार. पोरगी रडकुंडीला आली. “आज्जी, मी बाईंना सांगते, दुसऱ्या कुणाला तरी द्या,” असं म्हणायला लागली.

मी तिच्याजवळ बसू लागले. संगीतातलं मला भजनापुरतंच कळतं, पण बी.कॉम.मुळे आकड्यांची भीती नाही. तिच्या पुस्तकात एक गंमत सापडली. बासरीवर बोटं तीच ठेवून फुंक बदलली की वरचा सा मिळतो, म्हणजे कंपनं दुप्पट. क्लॅरिनेटची नळी सगळीकडे सारख्या जाडीची आणि तोंडाकडून बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे तिथे दुपटीचा हिशेब चालत नाही. तिथे एक, तीन, पाच. खालचा सूर सेकंदाला १०० कंपनांचा असेल, तर पुढची उडी ३०० वर आणि त्यापुढची ५०० वर. आपल्या भाषेत सांगायचं तर मंद्र सप्तकातल्या सा वरून थेट मध्य सप्तकाचा प, आणि तिथून तार सप्तकाचा ग. मधल्या पायऱ्या नाहीतच. म्हणून पोरं एवढी घाबरतात.

पहिल्या उडीला डाव्या अंगठ्याची एक चावी असते, ती दाबली की एक बारीक भोक उघडतं. दुसऱ्या उडीला डाव्या तर्जनीखालच्या चकतीत सुईएवढं छिद्र असतं. बोट उचलायचं नाही, नुसतं किंचित खाली सरकवायचं, म्हणजे तेवढंच छिद्र मोकळं होतं. बोटांचं काम इतकंच. खरा गोंधळ तोंडात होतो.

सूर उंच म्हटलं की माणूस जोर लावतो. नात खालचा जबडा आवळायची, मान ताणायची, गाल लाल करायची. पण आत जी पत्ती थरथरते, ती बोरूसारख्या गवताच्या कांड्यापासून केलेली पातळ चीप. ओठाने ती दाबली की तिच्यातली आणि माउथपीसमधली फट बंद होते. मग ती थरथरणार कशी? एक तर आवाज बंद, नाहीतर चीत्कार. बाईंनी सांगितलं होतं, ओठ सैल, फुंक एकसारखी, आणि जिभेची मागची बाजू ‘ई’ म्हणताना होते तशी वर. वाट अरुंद झाली की हवा आपोआप वेगाने जाते. जोर करायचा तो पोटातून, ओठातून नाही.

ऐकायला सोपं, पण सवय मोडायला कठीण. बाईंच्या सांगण्यावरून आम्ही रोजची वीस मिनिटं ठरवली. पहिली पाच मिनिटं भिंतीवर कागदाचा चिटोरा नुसत्या फुंकेने धरून ठेवायचा. मग दहा मिनिटं फक्त खालचे सूर, लांब, न हलणारे. शेवटची पाच मिनिटं खालचा सूर चालू असतानाच अंगठ्याची चावी दाबायची आणि मग तर्जनी सरकवायची. तोंडात काहीही बदलायचं नाही. समोर आरसा. जबडा हलला की मी बोट वर करायची. माझं काम एवढंच.

खालच्या सुरांवर दहा मिनिटं कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा मला आपलं कोल्हापूर आठवलं. आपल्याकडे गवई पहाटे खर्ज भरतात. खाली पाया नसेल तर वर गळा उभा राहत नाही. शाहू महाराजांनी कोल्हापूर दरबारात ठेवलेले अल्लादियाँ खाँसाहेब (१८५५–१९४६) तरुणपणी अति गाण्याने आवाज गमावून बसले होते. परत आलेला आवाज पूर्वीसारखा नव्हता, तर त्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी बांधली आणि तीच जयपूर-अत्रौली घराणं म्हणून गाजली. नातीला ही गोष्ट सांगितली. तिनेही मला एक सांगितली. योसेफ होराक नावाच्या वादकाने १९५५ साली चेकोस्लोव्हाकियातल्या बर्नो गावी या मागच्या रांगेतल्या वाद्याचा एकट्याचा पूर्ण कार्यक्रम केला, तोवर तसं कुणाच्या मनातही नव्हतं.

दहा दिवसांनी बहुतेक सूर लागले, पण दोन काही केल्या लागेनात. दुरुस्तीवाल्याने खोलीत अंधार केला आणि नळीत दिवा सोडला. वरच्या एका झाकणाकडून उजेडाची रेघ बाहेर आली. तिथलं पॅड फाटलं होतं. हवा झिरपली की आधी वरचे सूर जातात. म्हणजे पोरीचा दोष नव्हताच!

पण इथेच दुसरा प्रश्न उभा राहिला. पॅड कशाचं असतं, मी विचारलं. आत लोकरीचा नमदा आणि वर पातळ पापुद्रा. त्याला म्हणतात ‘मासळीचं कातडं’, पण बहुधा असतं गुरांच्या आतड्याचं. मोठ्या झाकणांना चामडं. आमच्या घरात चामड्याचा पट्टासुद्धा येत नाही. नात माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता आज्जी वाद्य बंद करायला सांगणार.

मी रात्रभर विचार केला. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपण शिकलो आहोत, आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आणि बाकीची जमेल तितकी कमी करायची. भजनी मंडळाच्या ढोलकीला कातडं आहे, हे मला ठाऊक असूनही मी टाळ धरतेच. वाद्य शाळेचं होतं, आधीच बनलेलं. पण नवं पॅड आमच्या सांगण्यावरून बसणार होतं. दुरुस्तीवाल्याला विचारलं, दुसरं काही मिळेल का? मिळतं म्हणाला. लहान भोकांना बुचाचं पॅड बसतं, आणि कृत्रिम पॅडही येतात. बूच म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. झाड न तोडता काढतात, आणि साधारण नऊ वर्षांनी साल पुन्हा भरते. आम्ही बुचाचं बसवलं. जुन्यांतलं जे निकामी होईल, त्या जागी बूच किंवा कृत्रिमच घालायचं, असं नातीनेच ठरवलं. सगळं एकदम बदलायला शाळेचं वाद्य आपलं नाही, आणि तेवढ्यासाठी पोरीचं शिक्षण थांबवणं मला पटलं नाही. कुणाला याहून कडक नियम योग्य वाटेल, त्यांचा मला आदरच आहे.

कार्यक्रमात आठ ओळींतला एक सूर फसला, बाकी छान लागले. फसला तेव्हा तिने जबडा आवळला नाही. खालच्या सुरावर आली, श्वास घेतला आणि पुढे गेली. मी टाळ्या वाजवल्या त्या यासाठी.

तुमच्या घरी कुणी फुंकून वाजवायचं वाद्य शिकत असेल, तर दोन घरगुती गोष्टी सांगते. वाजवण्याआधी चूळ भरायला लावा, कारण गोड खाऊन वाजवलं की पॅड चिकट होतात. आणि जेवणाआधी बसवा. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, त्यामुळे नात शाळेतून आली की चूळ, सराव आणि मग ताट, असा क्रम लागला. भरल्या पोटी श्वास खोल जात नाही.

परवा उचगावात एक वरात गेली. क्लॅरिनेटवाला वरच्या पट्टीत चढला, तेव्हा मी त्याच्या जबड्याकडे बघत होते. एवढ्या गर्दीत, एवढ्या उन्हात, तो हलला नव्हता.

जय जिनेंद्र.