शिंपला नव्हे

चि. मृण्मयीस,


मॉन्टेरीच्या किनाऱ्यावर सापडलेल्या पांढऱ्या चकतीचा फोटो पाहिला. ‘हा कुठला शिंपला?’ म्हणतेस. शिंपला नाहीच गं तो. शिंपला प्राण्याच्या अंगाबाहेर असतो. हा आतला सांगाडा. जिवंतपणी वर कातडी असते, तिच्यावर बारीक, मखमली काटे, रंग जांभळट. उन्हाने पांढरा पडलेला सापळा भेटवस्तूंच्या दुकानात विकतात. माझ्या मते या प्राण्याचा सगळ्यात कंटाळवाणा अवतार तोच.

हा सँड डॉलर, म्हणजे चपटा झालेला सी अर्चिन. तारामासा, समुद्रकाकडी ही त्याची भावकी. या कंटकचर्मी कुळातला एकही प्राणी गोड्या पाण्यात राहत नाही. पण गर्भाची घडण पाहिली, तर हे कुळ शंख-शिंपल्यांपेक्षा आपल्याला, कणा असलेल्या प्राण्यांना, जवळचं. ना डोकं, ना मेंदू, आणि नातं आपल्याशी! वर्गात हे सांगितलं की मुलं एकमेकांकडे बोट दाखवायची.

फोटोतली पाच पाकळ्यांची नक्षी म्हणजे छिद्रांच्या रांगा. त्यांतून नळीसारखे पाय बाहेर येतात, श्वास घ्यायला. चकती हलवलीस आणि खुळखुळली, तर ते जबड्याचे तुकडे. सी अर्चिनच्या या जबड्याला ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात.

तुमच्याकडची जात डेंड्रास्टर एक्सेंट्रिकस. पाणी वाहतं पण बेताचं असलं, की ही मंडळी वाळूत कड रोवून ताटाळ्यातल्या ताटल्यांसारखी उभी राहतात, चौरस मीटरभर जागेत शेकडो, आणि प्रवाहातले सूक्ष्म जीव पकडून खातात. लाटांचा जोर वाढला की आडवी होऊन वाळूत शिरतात. पिल्लं हलकी, सहज वाहून जातील. म्हणून ती वाळूतले लोहयुक्त जड कण गिळून पोटात साठवतात.

अळ्यांचं तर विचारूच नकोस. २००८ साली वॉन आणि स्ट्रॅथमन या संशोधकांनी दाखवलं, की पाण्यात माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत स्रावाचा सुगावा लागला, की या जातीच्या चार दिवसांच्या अळ्या स्वतःपासून दुसरी अळी तयार करतात. दोघीही आकाराने लहान. इतकी चिमुकली अळी माशाच्या नजरेला पडणं कठीण, असा त्यांचा तर्क.

आता मोठी ओहोटी बघून जा आणि जिवंत, जांभळे सँड डॉलर बघ. मखमली लागला तर होता तिथेच ठेव, पिशवीत घालू नकोस. बाकी फोनवर.

तुझी,
मावशी