चोवीस काडेपेट्या

वाट पाहणे ही एक विद्या आहे आणि ती मुलांस शिकवावी लागते, हे आपल्या वडीलधाऱ्यांस पुरते ठाऊक असावे. हस्त नक्षत्र लागले की आमच्या आईच्या माहेरी हादगा मांडीत. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करीत सोळाव्या दिवशी सोळा गाणी होत. आणि गाणी संपल्यावर झाकलेल्या डब्यात काय आहे हे ओळखल्यावाचून खिरापत कोणाच्या हाती पडत नसे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत एखादा नेम चालविणारी माणसे तर घरोघर असत. दिवस मोजण्यात एक गोडी आहे, झाकलेल्या वस्तूत दुसरी आहे, आणि आपण होऊन पत्करलेल्या नेमात तिसरी. या तिन्ही गोडी एके ठिकाणी आलेल्या मी पाहिल्या त्या मात्र एका परदेशी वस्तूच्या निमित्ताने, आणि त्याही दहिवलीस, आमच्या जुन्या घरी.

माझी भाची जर्मनीत म्यूनिक शहरी असते. तिने गेल्या नोव्हेंबरात माझ्या धाकट्या भावाच्या मुलांसाठी पुठ्ठ्याची एक चपटी, रंगीत पेटी पाठविली. तिला चोवीस झरोके होते. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून रोज एक झरोका उघडावा, आतील चॉकलेट खावे, आणि चोविसावा उघडला म्हणजे दुसऱ्या दिवशी नाताळ, अशी ती योजना. नाताळापूर्वीच्या या दिवसांस आपल्याकडील मराठी ख्रिस्ती मंडळी 'आगमनकाळ' म्हणतात. पुतणी दहा वर्षांची आहे. तिने योजना समजून घेतली. पुतण्या सहा वर्षांचा आहे. त्याने पहिल्याच संध्याकाळी अकरा तारखेपर्यंत मजल मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तो नोव्हेंबर अजून संपलेला नव्हता आणि आमच्या घरी नाताळ येऊन गेला होता.

त्या रिकाम्या पेटीसमोर बसून मी मुलांस तिची कुळकथा सांगितली. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील कित्येक घरी दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढीत आणि मुले रोज एक पुसून टाकीत. हांबुर्ग येथे योहान हिन्रिख विखेर्न नावाचे एक पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवीत असत. 'नाताळ कधी येणार?' या मुलांच्या रोजच्या प्रश्नावर त्यांनी १८३९ साली एक उपाय काढला : गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवून ते रोज एकेक पेटवू लागले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी म्यूनिकच्या गेरहार्ड लांग या मुद्रकाने असे कॅलेंडर छापून विकावयास काढले. त्याच्या लहानपणी त्याच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटे लावून दिली होती, त्या आठवणीतून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात कागदाच्या टंचाईमुळे ही छपाई थांबली, आणि १९४६ साली स्टुटगार्ट येथे रिखार्ड सेल्मर यांनी ती पुन्हा सुरू केली.

पुतणीने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मोठे काका, म्हणजे खडूच्या रेघांच्या वेळी खायला काहीच मिळत नव्हते?" "काहीच नाही," मी म्हणालो. "मग आपणही तसेच करू. खाऊ ठेवला तर हा पुन्हा एका दिवसात संपवील." परदेशी कित्येक घरी अलीकडे खाऊऐवजी रोज करावयाच्या एकेका चांगल्या कामाची चिठ्ठी ठेवतात, हे मी वाचले होते, ते तिला सांगितले. चिठ्ठ्या खाता येत नाहीत, एवढ्या एका गुणावर तो ठराव मंजूर झाला.

घर मुलांनीच बांधले. शेजारची तीन मुले मिळून पाच जणांनी आठवडाभर रिकाम्या काडेपेट्या जमविल्या; काही चहाच्या टपरीवरून, काही देवघरातून. काडेपेटीचा खण ओढला की उघडतो आणि लोटला की मिटतो. याहून चांगला झरोका कोणता असणार? एका जुन्या पुठ्ठ्यावर कणकेच्या खळीने चार रांगांत त्या चिकटविल्या, आणि गतवर्षीच्या कालनिर्णयातील आकडे कापून प्रत्येकीवर लावले. ज्या पानांवर आमच्या घरी दुधाचे आणि गॅसचे हिशेब लिहिले जातात, त्याच पानांतील तारखा या कामी आल्या, हे मला बरे वाटले.

आता वर नाव काय घालावे? इंग्रजीत त्यास 'काइंडनेस' म्हणतात. तीस वर्षे मी इंग्रजी शिकवीत आलो, पण या साध्या शब्दाने मला चांगलेच अडविले. दया म्हणावे तर ती वरून खाली येते. देणारा उंचावर आणि घेणारा पायथ्याशी. कृपेची तीच गत, उपकाराची त्याहून वाईट. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मात्र निराळा आहे. 'काइंड' आणि 'किन', म्हणजे नातलग, हे दोन्ही शब्द एकाच कुळातले. आपल्या गोताच्या माणसाशी जसे वागावे तसे वागणे, हा त्याचा जुना भाव. हे मी भोजनाच्या वेळी सांगितले तेव्हा माझा भाऊ हसून म्हणाला, "गोताच्या माणसाशी वागण्याला मराठीत भाऊबंदकी म्हणतात." हा विनोद होता, आणि विनोद नव्हताही. नात्याचा शब्दच भांडणाचे नाव होऊन बसावा, हे आपल्या भाषेचे कटू शहाणपण आहे. शेवटी पुतणीने पट्टीवर 'चांगले वागण्याची पेटी' असे लिहिले आणि वाद मिटविला.

चिठ्ठ्या सर्वांनी लिहावयाच्या, नाव घालावयाचे नाही, आणि पैसे पडतील असे काम सांगावयाचे नाही, असे नियम ठरले. भाऊ बँकेत हिशेबाचे काम करतो. काम झाले की तारा चिकटवावा अशी त्याची सूचना होती. आईने ती मोडून काढली. केलेले पुण्य बोलून दाखविले की ओसरते, असे तिचे मत आहे. आणि आठवड्याच्या शेवटी कोणाचे तारे जास्त यावरून जी भांडणे होतील ती कोणत्या पेटीत घालणार, असाही तिचा सवाल होता.

तीन खण मात्र मी माझ्याकडे ठेवले, कारण तारखांनीच मला तसा आग्रह केला. १ डिसेंबर १९१२ हा भाई कोटवालांचा जन्मदिवस. माथेरान हे त्यांचे जन्मगाव, आणि कर्जत तालुका हे त्यांचे कार्यक्षेत्र. वकिलीची सनद हाती असलेल्या या तरुणाने गावोगावच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या उभारल्या. पुढे बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळीस बळी पडले. त्या तारखेच्या खणात मी लिहिले : 'आपल्याला येणारी एक गोष्ट आज कोणाला तरी शिकवा.' २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगे महाराज गेले. त्या खणात खराट्याखेरीज दुसरे काय असणार? आणि २४ डिसेंबर १८९९ हा साने गुरुजींचा पालगडचा जन्म. जर्मनीतील मुद्रकाने आपली चोवीस घरे आखली तेव्हा त्याला याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. परंतु पहिले घर कोटवालांचे आणि शेवटचे गुरुजींचे, असा हा डिसेंबर आमच्या मुलखाला आयता मिळाला होता.

पहिले काही दिवस सुखाने गेले. चिठ्ठ्या उघडत गेल्या तशी एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. अक्षर लपविले होते, तरी मोठ्यांची चिठ्ठी कोणती आणि मुलांची कोणती हे लगेच ओळखू येई. मोठ्यांच्या चिठ्ठ्या बहुधा उतारावरून वाहत : जुने कपडे द्यावे, भाजीवालीशी घासाघीस करू नये, पक्ष्यांस पाणी ठेवावे. मुलांच्या चिठ्ठ्या सपाटीवरच्या असत : 'खेळात ज्याला सगळे शेवटी घेतात त्याला आज पहिला घ्या.' 'आजीची गोष्ट आधी ऐकलेली असली तरी तसे सांगू नका.' कपड्यांच्या दिवशी पुतणी दोन स्वेटर घडी करीत असता म्हणाली, "हे आपल्याला नकोच होते. मग यात आपण दिले काय?" तिच्या आईने स्वेटर दिलेच, आणि ते योग्यच झाले, ज्याला थंडी वाजते त्याला देणाऱ्याच्या मनाचा हिशेब नको असतो. तथापि प्रश्न उरलाच.

एका सकाळी चिठ्ठी निघाली : 'आज कोणाचा तरी बँकर हो.' माझ्या भावाने मान वर केली. परंतु ही चिठ्ठी त्याच्या धंद्याची नव्हती. शेजारच्या मुलाचे वडील रेल्वेत आहेत. कर्जतच्या मुलांस बँकर म्हणजे पेढीवाला नव्हे, हे सांगावे लागत नाही. येथून पुढे बोरघाटाची चढण लागते. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ आहे. १८६३ साली या घाटातून लोहमार्ग सुरू झाला, आणि आजही पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांस कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. ती गाडी लोटीत घाट चढवून देतात आणि वर पोहोचली की सुटी होतात. उतारूंपैकी पुष्कळांस ती लागली केव्हा आणि सुटली केव्हा याचा पत्ता नसतो. त्या दिवशी पाचही मुले घरभर मागून लोटण्याजोगे काहीतरी शोधीत हिंडत होती, आणि आईला पाण्याची बादली स्वतः उचलण्याची मुभा राहिली नव्हती.

सतराव्या तारखेची चिठ्ठी मोठ्या, सुट्या अक्षरांत होती : 'ज्यांच्याशी आपण बोलत नाही त्यांच्याकडे काहीतरी घेऊन जा.'

"आपण कोणाशी बोलत नाही?" असे कोणी विचारण्याच्या आत धाकट्याने उत्तर देऊन टाकले. आमचे एक चुलतभाऊ पलीकडच्याच आवारात राहतात. शेताच्या एका बांधावरून दोन्ही घरांत नऊ वर्षे बोलणे नाही आणि सहा वर्षे दावा चालू आहे. पुतण्याचे वय दाव्याइतकेच. या वैरावाचून जग असते हे त्याला ठाऊकच नाही. भावाने वर्तमानपत्र उघडले. वहिनी आत गेल्या. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पाठ आहे आणि दोन्हीत तथ्य आहे, म्हणून मीही गप्प होतो. आई मात्र म्हणाली, "चिठ्ठी मुलांच्या पेटीत निघाली, मुलांनी न्यावी. वकिलाला विचारायचे कारण नाही." नव्या तांदळाची खीर झाली होती. झाकलेली वाटी घेऊन पुतणी आवार ओलांडून गेली आणि थोड्या वेळाने रिकाम्या हाती परत आली. "काय म्हणाले?" तिच्या वडिलांनी वर्तमानपत्राआडून विचारले. "काकू म्हणाल्या, मोठी झालीस."

चार दिवस वाटी आली नाही. आपल्याकडे कोणाचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. तेव्हा वाटी ठेवून घेण्यात अबोला आहे की विचार चालला आहे, हे समजण्यास मार्ग नव्हता. एकविसाव्या तारखेस पलीकडचा मुलगा ती आमच्या ओटीवर ठेवून गेला. वाटीत आवळे होते. आईने एक उचलून पाहिला आणि ती हसू लागली. तंट्यातल्या त्या बांधावर एक आवळीचे झाड आहे. त्या जातीचा आवळा आसपास दुसरीकडे नाही. भाऊ म्हणाला, "म्हणजे झाड तेच वापरतात, याचा हा पुरावाच झाला." आई म्हणाली, "हो, आणि मोरावळ्याला चांगला आहे."

तो आवळा हक्काचा होता की सलोख्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही. दावा मिटला नाही, पुढची तारीख पडली आहे. पण मोरावळा मुरला तेव्हा आईने एक बरणी बाजूला काढून ठेवली, आणि ती पलीकडे गेली. बरणीही रिकामी येणार नाही, हे दोन्ही घरांस माहीत आहे.

ती चिठ्ठी कोणी लिहिली हे मी विचारले नाही. मला एवढेच उमगले की, आपल्यापेक्षा गरजवंत असलेल्या माणसाशी चांगले वागावयास चांगुलपणा पुरतो. बरोबरीच्या माणसाशी, ज्याच्याशी आपला हिशेब अपुरा आहे अशा भाऊबंदाशी वागावयास निमित्त लागते. आपण होऊन कोणी उठून जात नाही. आधी कोण जाणार, हाच मुळी तंटा असतो. तेथे काडेपेटीतील चिठ्ठीचा उपयोग होतो. तिची आज्ञा कोणाचीच नसते, म्हणून ती पाळण्यात कोणाची मान खाली जात नाही. आपल्या व्रतांचीही हीच खुबी असावी. नेम आहे म्हणून गेलो, असे म्हणता येते. आणि एकदा गेल्यावर परत येणारे भांडे पुढचे पाहून घेते.

चोविसाव्या तारखेच्या खणात मी काय लिहिले होते ते सांगण्यासारखे नाही, कारण मुलांनी ते मानले नाही. 'आज आईचे सगळे ऐका' असे काहीसे ते होते. साने गुरुजींच्या दिवशी हे फारच सोपे झाले, असे पुतणीचे म्हणणे पडले; तिने ती चिठ्ठी मोडून तिच्या जागी दुसरी घातली. ती तिने कोणास दाखविली नाही. यंदाच्या डिसेंबरासाठी काडेपेट्या जमविणे सुरू झाले आहे, आणि या खेपेस पलीकडच्या आवारातूनही सहा आल्या आहेत.