बंड्याचं रान

बंड्या कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या प्राणी-निवाऱ्यातून आमच्याकडे आला. रंग करडा, एक कान उभा, एक पडलेला. कागदावर जात 'मिश्र'. घरात तो साधूसारखा पडून असायचा, पण गाडी डोंगराच्या रस्त्याला वळली की मागच्या सीटवर रडगाणं सुरू.

ओकलंडच्या डोंगरावरचं रेडवुड पार्क हे त्याचं रान. तिथल्या वेस्ट रिजच्या वाटेवर कुत्रा मोकळा सोडता येतो, मात्र हाकेसरशी यायला हवा. बंड्या यायचा, स्वतःचं काम उरकून. खाली ओढ्याकाठच्या स्ट्रीम ट्रेलवर पट्टा सक्तीचा, कारण त्या ओढ्यात ट्राउट मासे अंडी घालायला चढतात. 'इंद्रधनुषी' हे त्यांचं नाव रूढ झालं ते १८५५ साली याच पाणलोटातल्या माशांच्या वर्णनावरून. अशा मानकऱ्यांच्या पाण्यात बंड्यानं डुंबू नये हे आम्हाला पटे, त्याला नाही. पट्टा लावला की तो सरळ बसकण मारी.

पाहुणे आले की मी त्यांना झाडांची कथा ऐकवायचे. १८२६ मध्ये कॅप्टन बीची नावाच्या इंग्रजानं खाडीतला बुडालेला खडक चुकवायला या माथ्यावरच्या उंच झाडांची खूण धरली होती. पुढे ती झाडं करवतीखाली गेली. तोडलेल्या बुंध्यांना कोंब फुटून आजचं रान उभं राहिलं, म्हणून जागोजागी झाडांची रिंगणं दिसतात. माझं हे निरूपण चाले तेव्हा बंड्या रिंगणाच्या मधोमध मन लावून उकरत असे.

त्याचं लक्ष कायम जमिनीवर. पिवळीधमक, वीतभर लांब, शंख नसलेली गोगलगाय त्यानं एकदाच चाटली. तिच्या चिकट स्रावानं जीभ बधिर होते. बराच वेळ तो तोंड उघडं टाकून, लाळ गाळत आमच्याकडे संशयानं पाहत होता. त्यानंतर गोगलगाय दिसली की लांबून वळसा.

पॉइझन ओकच्या झुडपांतून मात्र तो खुशाल घुसायचा. त्याला काही होत नसे. पानांचं तेल केसांना लागे आणि त्याला कुरवाळणाऱ्यांच्या अंगावर फोड उठत. कराडहून आलेल्या आईनं माझा हात पाहून लगेच निदान केलं, "हा तर बिब्बा उतलाय!" तिचं फारसं चुकलं नव्हतं, दोन्ही झाडं एकाच कुळातली. कुत्रा घरात घ्यायलाच जिचा विरोध होता, तीच मग हातमोजे घालून बंड्याला साबण चोळू लागली. तोही तिच्यापुढे निमूट उभा राही.

उतारवयात त्याच्या मागच्या पायांतलं बळ गेलं. वेस्ट रिज सुटली. आम्ही कॅन्यन मेडोच्या बाजूनं जाऊ लागलो, तिथे ओढ्याकाठची वाट सपाट आणि सुरुवातीला डांबरी आहे. ज्या पट्ट्यावरून जन्मभर भांडला, तो आता तो आपण होऊन घालून घेई. आईचे गुडघेही तेव्हा कुरकुरत होते. दोघांची चाल जमायची. मोकळी सुटलेली तरुण कुत्री वरून धावत आली की बंड्या एकदाच भुंके आणि आई म्हणे, "जाऊ दे रे, पोरं आहेत."

तो गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात आम्ही म्युअर वुड्स या रेडवुडांच्या रानात गेलो. तिथे कुत्र्यांना मनाई, म्हणून इतकी वर्षं राहूनच गेलं होतं. अडीचशे फुटांवर गेलेली झाडं, खाली गार अंधार, सगळ्यांच्या माना वर. आईनं फलकावरचं फुली मारलेलं कुत्र्याचं चित्र पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, "आपल्यानं इथं कुणाला धड वर बघू दिलं नसतं."