भैरवगढच्या बाईंचा गोठा

आमच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या बाई निवृत्त होऊन उज्जैनला माहेरी गेल्या, तेव्हा "एकदा आमची जनावरे पाहायला या, फादर," असे सांगून गेल्या होत्या. माणसांना भेटायला या, असे म्हणण्याची जगाची रीत आहे. बाईंनी जनावरांचे नाव घेतले, म्हणून ते निमंत्रण माझ्या ध्यानात राहिले. गेल्या जानेवारीत अखेर जाणे घडले.

उज्जैन शहराच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी भैरवगढ वसले आहे. वाटेत मध्यवर्ती तुरुंग लागतो. काळभैरवाच्या देवळापाशी २०२५ पर्यंत हारफुलांच्या शेजारी मद्याच्या बाटल्या मांडलेल्या दिसत, कारण या देवाला मद्याचाच नैवेद्य असतो. कुत्रा हे भैरवाचे वाहन, त्यामुळे तेथील कुत्र्यांना कोणी हाकलीत नाही. गावातील छिप्यांची कापड रंगविण्याची कला दूरवर प्रसिद्ध आहे. कापडावर मेण लावून ते रंगात बुडवितात. मेणाला पडलेल्या चिरांतून रंग झिरपतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. ते पाहात मी तासभर रमलो असतो. पण बाई फाटकात वाट पाहात उभ्या होत्या.

बाईंचे घराणे शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण हे लोक शेतापाशीच राहिले. बाहेर सारा व्यवहार हिंदीत आणि माळवीत. गोठ्यात मात्र शुद्ध मराठी. "हिला हिंदीत हाक मारा, मान वळवायची नाही," बाई गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या. गाय, तिची कालवड, दोन शेळ्या, आठदहा कोंबड्या आणि देवळापाशी सापडलेले एक काळे कुत्रे, एवढा परिवार. प्रत्येकाची ओळख वर्गातील मुलांप्रमाणे, गुणदोषांसह करून देण्यात आली. कुत्र्याने माझा पांढरा झगा हुंगून पाहिला आणि मला स्वीकारले.

सर्वांत शेवटी बैल. माळवी जातीचा, पांढरा, मानेवर करडी झाक. काळ्या जमिनीत ओढकामाला हे बैल फार चिवट. जोडीतला दुसरा दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो आणि हा नुसता उभा असतो. गव्हाची कापणीही आता यंत्राने होते. ते यंत्र दाणा घेते आणि काड शेतातच टाकते. त्यामुळे एकेकाळी अंगणातच साठणारा भुसा विकत घ्यावा लागतो. वसईकडील वडीलधाऱ्यांना हे नवे नाही. वाड्यांतल्या विहिरींवर रहाट फिरत होते तोवर बैलांना मान होता. पंप बसले, आणि गोठ्यांच्या खोल्या झाल्या.

बाईंचा भाचा इंदूरला नोकरीस असतो. तो त्या दिवशी मुद्दाम आला होता. जेवताना म्हणाला, "फादर, आत्याला तुम्हीच समजवा. पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरून पडली, दोन तास कोणाला पत्ता नव्हता." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आत्याने त्याच्याकडे राहावे, गाय व शेळ्या शेजाऱ्यांना द्याव्यात. मी विचारले, "आणि बैल?" तो ताटाकडे पाहात राहिला. गाईला घर मिळते. काम संपलेल्या बैलाला कोण नेणार? पुष्कळजण त्यांना रात्री रस्त्यावर सोडून देतात.

"मी येते ना इंदूरला," बाई शांतपणे म्हणाल्या. "याच्यानंतर येते."

दुपारी त्या मला पुन्हा गोठ्यात घेऊन गेल्या. बैलाच्या खुराला आठ दिवस सूज होती. "तुमच्यात जनावरांसाठी काही प्रार्थना आहे का हो?" आमच्या जुन्या लॅटिन विधिग्रंथात आजारी जनावरांसाठी वेगळी प्रार्थना आहे. सेमिनरीत ती वाचताना आम्ही पोरे हसलो होतो. आता शब्द आठवेनात. तेव्हा त्याच्या कपाळावर हात ठेवून मराठीत जसे सुचले तसे म्हटले. बाई हात जोडून उभ्या होत्या. भाचा दाराशी आला आणि पायांतल्या चपला काढून थांबला. बैल रवंथ करीतच राहिला. मग भाच्याने कोपऱ्यातली घमेली उचलली आणि खुराला शेक द्यायला पाणी तापत ठेवले.

निघताना अंगणातल्या दोरीवर भैरवगढी छापाच्या दोन झुली उन्हात टाकलेल्या दिसल्या. पोळ्याला अजून सात महिने अवकाश होता. "कसर लागते," बाई म्हणाल्या, आणि दोन्ही झटकून पुन्हा दोरीवर टाकल्या.