राजांच्या गावात सगळेच सिलेक्टर!

सॅन फ्रान्सिस्कोहून लेक टाहोला निघालेली मंडळी सॅक्रामेंटोत थांबतात ती पेट्रोल आणि बर्गरसाठी. बे एरियात ऑनसाइट जाऊन आलेल्या तुमच्या मित्रांना विचारा. 'हो, हायवेवर पाटी बघितलीय' एवढंच उत्तर मिळेल. कॅलिफोर्नियासारख्या बड्या राज्याची ही राजधानी, पण ग्लॅमर सगळं लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोकडे. विधिमंडळ इथे, कारभार इथे आणि भाव मात्र तिकडे! नागपूरकरांना हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. उन्हाळाही तसाच सडकून तापणारा. नागपूरला संत्री, तर इथे टोमॅटो. इतके, की गावाचं लाडकं नाव 'सॅक्रटोमॅटो'.

आता तुम्ही म्हणाल, मग जायचं कशाला? तर बास्केटबॉलसाठी. म्हणजे मॅच बघायला जाच, पण त्याहून जास्त मॅचवरच्या गप्पा ऐकायला. या गावात हवापाण्याच्या गोष्टी दोन मिनिटांत संपतात. तिसऱ्या मिनिटाला मुद्दा येतो, तो सॅक्रामेंटो किंग्जचा. कोणाला खेळवायचं, कोणाला बेंचवर बसवायचं, आणि कोणाला देऊन कोणाला आणायचं? कॉफी शॉपमधली मुलगी, कॅपिटॉलमध्ये फायली हलवणारा बाबू, लाइट रेलमध्ये शेजारी बसलेले आजोबा... प्रत्येकाकडे स्वतःची टीम तयार असते. आपल्याकडे वर्ल्ड कपच्या आधी नाक्यानाक्यावर निवड समिती बसते ना, तसंच. फरक इतकाच, की इथे ती बारा महिने बसलेली असते.

या वादाचा फंडा आधी समजून घ्या. क्रिकेटमध्ये अकरा जण खेळतात, एखादा ढेपाळला तरी खपून जातो. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच. त्यामुळे पाच हुशार माणसं गोळा करून भागत नाही, ती एकमेकांना पूरक असावी लागतात. बॉल एकच, तो हातात घेऊन खेळ रचणारे तिघे झाले तर उरलेले दोघे काय करणार? आणि पाचातला एक जरी बचावात कच्चा असेल, तर समोरची टीम प्रत्येक वेळी त्याच्याच अंगावर चालून जाते. बरं, खेळाडू आणायचा तर नुसते पैसे फेकून चालत नाही. टीमच्या एकूण पगारावर मर्यादा असते, त्यामुळे मोठा खेळाडू घ्यायचा तर बहुतेक वेळा साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू समोरच्याला द्यावे लागतात. तेवढ्यावर सौदा जमला नाही, तर पुढच्या काही वर्षांतल्या नवोदित खेळाडूंवरचे निवडीचे हक्क, म्हणजे ड्राफ्ट पिक्स, उधारीच्या चिठ्ठीसारखे त्यावर ठेवायचे. हा झाला ट्रेड. फेब्रुवारीत त्याची मुदत संपते, आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांत सॅक्रामेंटोत कोणाचंही कामात लक्ष नसतं.

गोठ्यातल्या घंटा

किंग्जची टीम मूळची इथली नाहीच. रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी असे बिऱ्हाड बदलत ती १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला आली. आजवरचं एकमेव अजिंक्यपद रॉचेस्टरमध्ये, १९५१ साली मिळालेलं. सॅक्रामेंटोच्या वाट्याला चषक आलाच नाही. पण काही वर्षं जी मजा आली, तिच्यावर हे गाव अजून जगतंय.

त्या मजेची सुरुवातही ट्रेडनेच झाली. १९९८ मध्ये मिच रिचमंड हा गावाचा हिरो वॉशिंग्टनला गेला आणि बदल्यात ख्रिस वेबर आला. वेबरला इथे यायचंच नव्हतं! त्याच सुमारास सर्बियाचे व्लादे दिवाच आणि पेजा स्टोयाकोविच आले, आणि आला जेसन विल्यम्स. हा पोरगा कोपराने पास द्यायचा. सगळं गाव त्याच्यावर फिदा. आणि २००१ मध्ये टीमने काय केलं, तर त्यालाच देऊन माइक बिबीला आणलं. बिबी शांत, शिस्तीचा, चमत्कार न करणारा. पोरं हळहळली. पुढच्या हंगामात टीमने ८२ पैकी ६१ सामने जिंकले, अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक. 'आवडता' आणि 'हवा असलेला' यांतला फरक गावाला तेव्हा कळला.

२००२ च्या लेकर्सविरुद्धच्या मालिकेबद्दल मात्र जपून बोला. चौथ्या सामन्यात रॉबर्ट ऑरीने शेवटच्या क्षणी मारलेला बॉल, सहाव्या सामन्याच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सना मिळालेले २७ फ्री थ्रो, सातवा सामना घरच्या मैदानावर ओव्हरटाइममध्ये गमावला तो... पंचांवरचा राग वीस वर्षांनंतरही ताजा आहे. लेकर्सचे कोच फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोला गुराख्यांचं गाव म्हणून हिणवलं होतं. लोकांनी काय करावं? गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन स्टेडियम गाठलं आणि लेकर्सच्या कानाशी वाजवल्या! त्या घंटा अजून वाजतात. हा किस्सा मला कुठल्याही चषकापेक्षा भारी वाटतो.

टीमच ट्रेड होते की काय?

मग घसरण सुरू झाली. २००६ नंतर सलग १६ हंगाम किंग्ज प्ले-ऑफमध्ये गेलेच नाहीत. एनबीएच्या इतिहासातला हा विक्रम आहे, आणि तो सॅक्रामेंटोच्या नावावर आहे. या काळात गावाला वेगळीच धास्ती होती. २०११ मध्ये टीम अ‍ॅनहाइमला जाणार अशी चिन्हं होती आणि २०१३ मध्ये तर सिएटलच्या गटाशी विक्रीचा करारही झाला होता. म्हणजे खेळाडूचं काय घेऊन बसलात, सगळी टीमच जात होती. त्या वेळचे महापौर केविन जॉन्सन हे इथेच जन्मलेले आणि स्वतः एनबीए गाजवलेले. त्यांनी धावाधाव करून खरेदीदार जमवले, आणि मे २०१३ मध्ये एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी टीम सॅक्रामेंटोतच ठेवली.

त्या खरेदीदारांचे म्होरके कोण? विवेक रणदिवे. आपल्या मुंबईत जन्मलेले, सिलिकॉन व्हॅलीत सॉफ्टवेअरचा धंदा उभारलेले. एनबीए टीमचा ताबा घेणारे ते पहिले भारतीय वंशाचे मालक. त्यांच्यामुळेच ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळून गेले. दोन्ही सामने किंग्ज हरले, त्यातला पहिला एका गुणाने.

पण गावात रणदिवेंचं नाव काढलंत तर दोन सुरांत उत्तर मिळेल. टीम वाचवली, हे सगळे मान्य करतात. खेळातली लुडबुड मात्र लोकांना सहन होत नाही. २०१४ मध्ये त्यांनी चार जणांनी बचाव करायचा आणि पाचव्याने समोरच्या बास्केटपाशीच थांबायचं अशी कल्पना मांडल्याच्या बातम्या आल्या होत्या. तुमच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना मध्येच असं काही सुचतं ना, तस्संच! त्याच वर्षी कोच माइक मलोन यांना काढलं. तेच मलोन २०२३ मध्ये डेन्व्हरला अजिंक्यपद देऊन मोकळे झाले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर लुका डोन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतलं, तेव्हा निवड करत होते दिवाच. म्हणजे ज्याच्या नावाने गाव नाचलं, त्याच्याच नावाने बोटं मोडायची वेळ आली.

तो गेला, आणि दिवा लागला

सगळ्यात गरम वाद मात्र ८ फेब्रुवारी २०२२ चा. टीमकडे दोन तरुण होते, डीअ‍ॅरन फॉक्स आणि टायरीस हॅलिबर्टन. दोघेही गुणी, पण दोघांनाही खेळ चालवायला बॉल हातात लागायचा. हॅलिबर्टनला हे गाव मनापासून आवडायचं, आणि तसं तो उघड सांगायचा. सॅक्रामेंटोला असं म्हणणारे स्टार भेटतात कुठे? टीमने त्यालाच इंडियानाला दिलं आणि उंच, दणकट डोमांटास सबोनिसला आणलं. आपल्याकडे हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबई इंडियन्समध्ये परत आला आणि कप्तान झाला, तेव्हा २०२४ मध्ये वानखेडेवर काय आवाज झाला आठवतोय? तिथे राग आलेल्या माणसावर निघाला. सॅक्रामेंटोत जीव जळला तो गेलेल्या माणसासाठी.

आणि मग गंमत झाली. सबोनिस मधोमध उभा राहून पास देऊ लागला, फॉक्स वाऱ्यासारखा सुटू लागला, बाजूंनी केविन हर्टर, हॅरिसन बार्न्स आणि नवखा कीगन मरे थ्री-पॉइंटर टाकू लागले. २०२२-२३ मध्ये ४८ विजय, पश्चिम विभागात तिसरा नंबर, सोळा वर्षांचा दुष्काळ संपला! त्याच हंगामात स्टेडियमच्या गच्चीवरून जांभळा लेझर थेट आकाशात सोडायला सुरुवात झाली. टीम जिंकली, की बटण दाबायचं. 'लाइट द बीम'चा गजर सुरू होतो आणि मैलोन्‌मैल लांबच्या माणसालाही घरबसल्या निकाल कळतो. उकडीच्या मोदकासारखी ही गोष्ट ऐकून कळत नाही, एकदा अनुभवावीच लागते.

प्ले-ऑफमध्ये वॉरियर्सविरुद्ध २-० आघाडी घेतली. पण सातव्या सामन्यात स्टेफ करीने ५० गुण मारले आणि खेळ खलास. त्या रात्री घरी जाताना लोकांच्या तोंडी एकच वाक्य होतं म्हणतात, करीला अडवणार कोण? आक्रमण लीगमध्ये सगळ्यात धारदार, बचाव मात्र तळाकडचा. लांब हातांचा, न थकणारा बचावपटू हवा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. माझ्या मते चूक इथे झाली. हॅलिबर्टन देणं हा जुगार असला तरी त्याला हिशेब होता. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात टीमने जवळजवळ तोच संच ठेवला. पुढच्या हंगामात ४६ विजय, नववा नंबर, आणि प्ले-ऑफच्या दारातून परत.

२०२४ मध्ये आणला तोही धावसंख्या वाढवणारा डेमार डीरोझन. डिसेंबरमध्ये कोच माइक ब्राउनला काढलं. फॉक्सने करार वाढवला नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तोही सॅन अँटोनियोला गेला. बदल्यात झॅक लव्हीन आणि काही ड्राफ्ट पिक्स. लव्हीन-डीरोझन ही जोडी आधी शिकागोत तीन वर्षं एकत्र खेळून फारसं काही न जिंकलेली! २०२५-२६ च्या हंगामाआधी त्यात डेनिस श्रोडर आणि रसेल वेस्टब्रूकची भर पडली. नावं ऐकून ऊर भरून यावा, आणि खेळ बघून प्रश्न तोच पडावा, की बॉल एक आणि मागणारे किती?

आणि हॅलिबर्टन? त्याने २०२५ मध्ये इंडियानाला थेट अंतिम फेरीत नेलं. सातव्या सामन्यात टाचेची शीर तुटली, त्याची टीम हरली. सॅक्रामेंटोत त्या दिवशी कितीतरी लोक पेसर्सचे पाठीराखे झाले होते. आता विचारा यांना, २०२२ चा ट्रेड बरोबर होता का? एक म्हणेल, त्याच्याशिवाय बीम पेटलाच नसता. दुसरा म्हणेल, बीम एक वर्षाचा, पोरगा दहा वर्षांचा होता. दोघंही खरं बोलतायत, म्हणून तर वाद मिटत नाही.

जायचं कसं?

सॅन होजे किंवा ओकलंडहून कॅपिटॉल कॉरिडॉरची ट्रेन पकडा. गाडी चालवण्याची कटकट नाही आणि वाटेत खाडी, पाणथळ रान, मग शेतं असा मस्त नजारा. स्टेशनपासून गोल्डन १ सेंटर चालत दहा मिनिटांवर. फॉल्समला इंटेलमधल्या कोणा मित्राकडे उतरला असाल, तर लाइट रेलची गोल्ड लाइन आहेच. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. २०१६ मध्ये उघडलेल्या या स्टेडियममध्ये साडेसतरा हजार लोक मावतात, आणि खाण्याचे स्टॉल आसपासच्या शेतांतल्या मालावर चालतात. बाहेर जेफ कून्सचं एक रंगीबेरंगी चकचकीत शिल्प आहे. मला ते चॉकलेटच्या कागदासारखं वाटलं, तुमचं तुम्ही ठरवा.

दुपारी पोचलात तर ओल्ड सॅक्रामेंटोत फिरा. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांच्या काळातल्या इमारती, लाकडी फूटपाथ आणि एक झकास रेल्वे म्युझियम. तिथून सोनेरी टॉवर ब्रिज ओलांडलात, की नदीपलीकडे बेसबॉलचं एक छोटं मैदान लागतं. ओकलंडहून निघालेली आणि लास व्हेगासला जायच्या वाटेवर असलेली अ‍ॅथलेटिक्स टीम २०२५ पासून तिथे भाड्याने राहायला आली. तिच्या नावात सॅक्रामेंटो हा शब्द घ्यायलाही ते तयार झाले नाहीत. किंग्जसाठी रात्र रात्र जागलेल्या लोकांनी त्या पाहुण्यांकडे कसं बघावं, हा पुन्हा वेगळाच वाद.

वरच्या माळ्यावरची तिकिटं घ्या. स्वस्त असतात आणि घंटावाले तिथेच बसतात. शेजारचा तुम्हाला विचारणारच, कोणाला काढाल म्हणून. बिनधास्त उत्तर द्या. हॅलिबर्टनचा विषय मात्र टीम जिंकल्यावरच काढा, बीम लागला की.